क्षणभर उशिरा येणारं हसू

जॉन प्राइनच्या पहिल्या अल्बमच्या मुखपृष्ठावर एक तरुण पेंढ्याच्या गठ्ठ्यांवर बसलेला दिसतो. कंट्री गाणारा म्हणजे शेतावरचा, तेव्हा बसवा त्याला पेंढ्यावर, असा रेकॉर्ड कंपनीचा सरळ हिशोब असावा. प्राइन पुढे हसून सांगायचा की तोवर जन्मात तो असल्या गठ्ठ्यावर बसला नव्हता. तो शिकागोला खेटून असलेल्या मेवूडचा, टूल अँड डाय मेकरचा मुलगा. १९७१ साली हा अल्बम आला तेव्हा त्याचं वय चोविसाच्या आसपास होतं आणि काही महिन्यांपूर्वीपर्यंत तो त्याच भागात घरोघरी टपाल टाकत होता.

अल्बम ऐकायला लागलं की तो पेंढा आणखी उपरा वाटतो. तेरा गाण्यांत शेत जवळजवळ नाहीच. आहेत ती शहरातली फ्लॅटमधली घरं, लष्करी बराकीतली खाट, बंद व्हायच्या वेळचं कॅफे, खेळांच्या दुकानातला सुट्या पैशांचा गल्ला, स्वयंपाकघरात घोंगावणाऱ्या माश्या. मग हे कंट्री कशावरून? चालीवरून आणि सांगायच्या रीतीवरून. प्राइनचे आईवडील पश्चिम केंटकीतून पोटासाठी उत्तरेला आलेले. घरात हँक विल्यम्सची गाणी वाजायची, थोरल्या भावाने, डेव्हने, चौदाव्या वर्षी त्याच्या हातात गिटार दिली. दोन-चार कॉर्ड, कडव्याकडव्याने पुढे सरकणारी गोष्ट आणि दर वेळी परत येणारं ध्रुवपद, हा कंट्रीचा जुना सांगाडा त्याने जसाच्या तसा उचलला. आत माणसं मात्र आपल्या टपालाच्या हद्दीतली भरली.

या अल्बमचं सगळं बळ मला एका सवयीत दिसतं. प्राइन दुःखाचं नाव घेत नाही. ते दुःख ज्या वस्तूवर, ज्या हालचालीवर सांडलेलं असतं तेवढीच तो समोर ठेवतो आणि बाजूला होतो. सोपी वाटते, पण ही सवय सांभाळणं फार कठीण. खुद्द या अल्बममध्ये ती दोन-तीनदा मोडली आहे आणि मोडली तिथे गाणं लगेच सैल पडलं आहे.

‘फार फ्रॉम मी’ हे दुसऱ्या बाजूचं दुसरं गाणं घ्या. प्राइनच्या स्वतःच्या लाडक्या गाण्यांपैकी हे एक. उन्हाळ्यातली रात्र, कॅफे बंद होतंय. कॅथी नावाची तिथली पोरगी चमचे पुसतेय. रेडिओवर चालू हिट गाणं लागलंय आणि हा तिची वाट बघत ते गुणगुणतोय. ती म्हणते, स्टेशन बदल, हे गाणं डोकं उठवतंय. बस, एवढंच घडतं. पण त्याला कळतं की डोकं गाण्याने उठलेलं नाही. पुढच्या कडव्यात तो बाहेर गाड्या लावायच्या मोकळ्या जागेत, धुळीत, एका पायावर भार देऊन उभा आहे आणि ती आतले दिवे मालवतेय. कुठला पाय, तेसुद्धा तो सांगतो. वाट बघणाऱ्या माणसाचं शरीर कसं उभं राहतं ते ज्याने पाहिलंय त्यालाच हे सुचतं.

आणि मग येतो तो तपशील, ज्याच्यासाठी मी हा अल्बम कुणाच्याही हातात द्यायला तयार असतो. पूर्वी दोघं मिळून हसायची. आताही त्याच्या बोलण्यावर ती हसते, पण हसू क्षणभर उशिरा येतं. प्राइन एवढंच नोंदवतो आणि पुढे जातो. जरा थांबून बघू या त्या क्षणात काय काय झालंय. मनापासून आलेलं हसू विचारून येत नाही. उशिरा येणाऱ्या हसण्यामागे एक निर्णय असतो: आता इथे हसायला हवं. म्हणजे तिच्या मनात तो आता ज्याच्याशी नीट वागावं असा परका झाला आहे. शिवाय तक्रार करायलाही जागा नाही. ती भांडलेली नाही, टाकून बोललेली नाही, उलट हसली आहे. कोर्टात उभं केलं तरी तिच्याविरुद्ध पुरावा नाही. प्रेम संपल्याची शेकडो गाणी आहेत आणि त्यातली बहुतेक संपल्यानंतरची आहेत. हे गाणं संपत असतानाचं आहे, जेव्हा फक्त एकाला माहीत झालेलं असतं आणि त्यालाही ते खोटं ठरावं असं वाटत असतं.

ध्रुवपदात फुटकी बाटली आणि हिऱ्याची अंगठी एकमेकींशेजारी येतात. अंगठी म्हटली की लग्नाची मागणी आलीच, पण मागणीचा विषय तो काढत नाही. शेवटी तो उद्या भेटणार का म्हणून विचारतो आणि ती कामं फार आहेत म्हणते. उत्तर ठाऊक असताना विचारलेल्या प्रश्नाला प्रश्न म्हणायचं का, अशा अर्थाची एक मल्लिनाथी तो जाता जाता करतो, आणि ती नसती तरी चाललं असतं, असं मला दर वेळी वाटतं. गाणं तिच्या उत्तरावरच पुरं झालेलं असतं.

हा पोरगा आला कुठून, हे थोडक्यात. शाळा संपल्यावर पोस्टात नोकरी, मग १९६६ मध्ये सक्तीच्या लष्करभरतीत बोलावणं. त्याच्या बरोबरीची मुलं व्हिएतनामला गेली. याच्या वाट्याला पश्चिम जर्मनीतली लष्करी गाड्यांची दुरुस्ती आली. परतल्यावर पुन्हा टपालाची पिशवी. गाणी सुचली ती बरीचशी त्या फेऱ्यांत, कारण रस्ता आणि दारं पाठ झाली की डोकं मोकळं राहतं. शिकागोत फिफ्थ पेग नावाच्या छोट्या ठिकाणी तो धीर करून गायला उभा राहिला. तिथे ऑक्टोबर १९७० मध्ये ‘शिकागो सन-टाइम्स’चा सिनेमा-समीक्षक रॉजर ईबर्ट एका नकोशा सिनेमातून उठून बिअर प्यायला आला, ऐकत बसला आणि सिनेमाऐवजी या गाणाऱ्या पोस्टमनवर लिहून मोकळा झाला. पुढच्या वर्षी गायक-गीतकार क्रिस क्रिस्टॉफरसनला स्टीव्ह गुडमन या प्राइनच्या गायक मित्राने रात्री उशिरा दुसऱ्या एका क्लबात प्राइनला ऐकायला ओढून आणलं. खुर्च्या टेबलांवर उलट्या चढवलेल्या, गिऱ्हाइकं गेलेली. क्रिस्टॉफरसनने गाणी ऐकली आणि सगळी परत म्हणायला लावली. त्यानेच न्यूयॉर्कच्या बिटर एंडमध्ये प्राइनला आपल्या कार्यक्रमात उभं केलं. ऐकणाऱ्यांत अटलांटिक रेकॉर्ड्सचा जेरी वेक्सलर होता आणि दुसऱ्या दिवशी करार समोर आला. इतकं सुरळीत सहसा कुणाचं होत नाही. प्राइनने पुढे तशी बढाईही कधी मारली नाही.

‘सॅम स्टोन’ हे या अल्बममधलं सर्वांत गाजलेलं गाणं, आणि ते गाजायलाच हवं होतं. त्याचं मूळ नाव होतं ‘ग्रेट सोसायटी कॉन्फ्लिक्ट व्हेटरन्स ब्लूज’. अध्यक्ष जॉन्सन यांच्या कल्याणकारी योजनांचं नाव आणि लढाईहून परतलेला सैनिक यांना एका दावणीला बांधणारं, टोमणा मारणारं नाव. प्राइनने ते टाकलं आणि एका माणसाचं नाव ठेवलं, तिथेच अर्धी लढाई जिंकली. गाण्यात व्हिएतनामचा उल्लेख एकदाही येत नाही. परदेशातल्या कुठल्याशा संघर्षाहून तो बायकापोरांत परत आला आहे, छातीला जखमी सैनिकाचं पदक आहे, गुडघ्यात धातूचे कण आहेत आणि वेदनेवर दिलेलं मॉर्फिन अंगात मुरलं आहे. १९७१ मध्ये युद्धाचं नाव सांगायची गरज नव्हती हे खरं. पण न सांगितल्यामुळे आज पन्नासहून अधिक वर्षांनीही गाणं त्या सालात अडकून पडलेलं नाही.

त्याची रचना बघण्यासारखी आहे. कडवी कुणी तटस्थ माणूस सांगतो आहे, शेजारी म्हणा, टपाल टाकणारा म्हणा. ध्रुवपदात आवाज बदलतो. तिथे त्याचं मूल बोलतं. आणि मूल काय पाहतं? बापाच्या दंडावर एक भोक आहे आणि घरातले पैसे त्या वाटेने नाहीसे होतात. व्यसन, सुई, नशा यातला एकही शब्द त्याच्याकडे नाही. त्याला घरातल्या पैशाची वाट तेवढी दिसली आहे, कारण दूध-पावासाठी पैसे नाहीत हे त्याला कळतं. मोठी माणसं जे सांगायला तीन वाक्यं घेतील ते हे मूल एका चुकीच्या आणि तंतोतंत खऱ्या निदानात सांगतं. दुसऱ्या कडव्यात याच घराचा बाहेरून दिसणारा भाग आहे: दुसऱ्यांचे उतरलेले कपडे घालून फिरणारी मुलं. हे मात्र कडव्यात आहे, ध्रुवपदात नाही, कारण स्वतःच्या अंगावरचा कपडा परका दिसतोय हे मुलाच्या लक्षात येत नाही, रस्त्यावरून जाणाऱ्याच्या येतं. कुणी काय पाहायचं याची ही वाटणी प्राइन इतक्या सहज करतो की आपण ती फक्त भोगतो.

ध्रुवपदात पुढे येशूचं बलिदान फुकट गेलं असावं अशी एक ओळ आहे. जॉनी कॅशसारख्या श्रद्धाळू माणसाला ती पचली नाही. त्याने हे गाणं गाताना ती बदलून घेतली आणि तिथे बापाला किती वेदना झाल्या असतील असा आशय घातला. कॅशच्या आवाजाबद्दल मला कमालीचा आदर आहे, पण हा बदल गाण्याला मारून टाकतो. बापाला दुखत होतं हे कडव्यांनी आधीच दाखवलंय. ध्रुवपदाने तेच समजावून सांगितलं की मूल एकदम शहाणं आणि प्रौढ होऊन बसतं. मूळ ओळीत, दर रविवारी चर्चमध्ये कानावर पडलेली सर्वांत मोठी गोष्ट आणि घरातलं चित्र यांचा मेळ बसत नाही, म्हणून एक पोर अंदाजाने काहीतरी बोलून जातं. तो द्रोह वगैरे नाही. हिशोब जुळत नाही एवढंच त्याला म्हणायचंय.

हिशोबच शेवटीही येतो. सॅम मरतो तेव्हा सैनिकांसाठीच्या सरकारी योजनेतून घेतलेलं घर देऊन त्या बदल्यात झेंड्यात गुंडाळलेली शवपेटी घ्यायची उरते. सरकारनेच दिलेलं घर, सरकारनेच दिलेला झेंडा, आणि मधे कुटुंब. प्राइनचा आवाज इथेही चढत नाही. मागे बॉबी एमन्सचा ऑर्गन वाजत असतो, एखाद्या गरीब चर्चमध्ये वाजावा तसा, जरा जास्तच संथ.

‘हॅलो इन देअर’ मध्ये चोवीस वर्षांचा मुलगा म्हातारा होऊन गातो. शाळकरी वयात तो एका मित्राला वर्तमानपत्रं टाकायला मदत करायचा आणि त्या वाटेवर एक वृद्धाश्रम होता. तिथले काही जण पेपर घेऊन येणारा हा पोरगा जणू आपला नातूच भेटायला आलाय अशा थाटात त्याच्याशी वागायचे. त्याला ते लक्षात राहिलं. गाण्यातला म्हातारा मुलांची यादी देतो: दोघं ओमाहात, एक कुठेतरी फिरतीवर, एक कोरियाच्या युद्धात गेला. ती यादी घरात पाहुण्याला सांगायच्या सुरात येते, आणि गेलेला मुलगाही त्याच सुरात येतो. बायको मागच्या जाळीच्या दारातून बाहेर बघत बसते. कारखान्यातल्या जुन्या सोबत्याला, रूडीला, फोन करावा असं म्हाताऱ्याच्या मनात येतं. मग तो मनातल्या मनात ते संभाषण करून बघतो: काय नवीन, तर काही नाही, तुझं काय, तर तसं काहीच नाही. आणि फोन राहतो. दोन म्हाताऱ्यांमधलं एकटेपण दाखवायला एवढं पुरे आहे. न केलेला फोन हा आजवर मी ऐकलेल्या सर्वांत खऱ्या फोनांपैकी एक.

म्हणूनच शेवटचं कडवं खटकतं. तिथे म्हातारा आपल्या घरातून उठतो आणि थेट आपल्याकडे वळून सांगतो की रस्त्यात म्हातारं माणूस दिसलं तर नुसते बघत जाऊ नका, दोन शब्द बोला. सल्ला चांगलाच आहे. पण रूडीला फोन करायची हिंमत नसलेला माणूस अनोळखी जगाला हाक मारून उपदेश कसा करेल? तिथे बोलतो तो तरुण पोस्टमन, म्हाताऱ्याचा चश्मा लावून. हजारो लोकांना नेमकं हेच कडवं प्रिय आहे याची मला कल्पना आहे, आणि चाल इतकी गोड आहे की मीही दर वेळी त्यात वाहून जातो. तरीही रसग्रहण म्हणजे नुसती आरती नव्हे, तेव्हा नोंद करून ठेवतो.

म्हाताऱ्यांवर आणखी एक गाणं लिही असं मित्राने सुचवलं तेव्हा, त्यावर मला जे सांगायचं ते सांगून झालंय, असं प्राइनचं म्हणणं पडलं. मग त्याला वाटलं, वयाने म्हातारी नसलेली पण तशी वाटू लागलेली एक बाई. हात साबणाच्या पाण्यात, भांड्यांवर. त्यातून ‘एंजल फ्रॉम माँटगोमेरी’ झालं. गाणं सुरू होतं तेच एक पुरुष ‘मी म्हातारी बाई आहे’ असं सांगतो तिथून. कसलीही प्रस्तावना नाही, ती म्हणाली वगैरे नाही. आपल्याकडे ओव्या रचणाऱ्या बायकांना स्वतःच्या तोंडून बोलायची मुभा होती. शिकागोच्या उपनगरातल्या पुरुषाने ती अशी परस्पर घेणं धाडसाचं होतं, आणि पहिल्या ओळीनंतर आपल्याला ते धाडस आठवतही नाही, यात त्याचं यश.

या बाईच्या मनात मोठाली स्वप्नं आहेत: वीज, गडगडाट, पूर. ध्रुवपदात ती उडून जायला देवदूत मागते, तेही माँटगोमेरीहून, जे हँक विल्यम्सचं गाव म्हणता येईल, आणि एका जुन्या रोडिओच्या पोस्टरवर तिचा जीव आहे. एकेकाळी तिच्या आयुष्यात एक काउबॉय होता, दिसायला काही खास नव्हता असंही ती प्रामाणिकपणे सांगते. पण गाणं वर उचललं जातं ते शेवटच्या कडव्यात, जिथे स्वप्नं संपतात आणि माश्या येतात. स्वयंपाकघरात माश्यांचा आवाज तिला ऐकू येतोय. म्हणजे घर किती शांत आहे बघा. सकाळपासून आपण काहीच केलेलं नाही असं ती म्हणते, आणि पाण्यात हात घातलेली बाई काहीच केलं नाही म्हणते तेव्हा त्या कामाची किंमत तिच्या लेखी काय उरलीये तेही कळतं. मग ती नवऱ्याबद्दल एकच विचारते: सकाळी कामावर जाऊन संध्याकाळी परत आलेल्या माणसाकडे सांगायला काहीच कसं नसतं? मारहाण नाही, दारू नाही, बाहेरख्यालीपणा नाही. संध्याकाळी काही न बोलणं हीच तक्रार. लग्नाला वीस-पंचवीस वर्षं झालेल्या कुणालाही ही तक्रार समजावून सांगावी लागत नाही.

बॉनी रेटने १९७४ मध्ये ते गायलं आणि पुढे ते तिचंच गाणं होऊन गेलं. तिच्या आवाजात ती बाई आर्ततेने वर चढते, देवदूताला खरंच हाक मारते. बहुतेकांना तिचंच आवडतं. मला प्राइनचा सपाट सूर जवळचा वाटतो, कारण त्याच्याकडे देवदूत येण्याची अजिबात शक्यता नाही आणि बाईलाही ते पक्कं माहीत आहे.

‘डोनाल्ड अँड लिडिया’ हे याच जातीचं, पण जरा जास्त रचलेलं. लिडिया जाडी आहे, खेळांच्या दुकानात सुटे पैसे देते, प्रेमकथांची मासिकं वाचते. डोनाल्ड लष्करात साधा शिपाई, बराकीत पडलेला. दोघं एकमेकांना भेटत नाहीत, त्यांचं मीलन डोंगरात, नद्यांत, दऱ्यांत होतं, म्हणजे मनात. आणि मधे अंतर किती, तर दहा मैल. हा आकडा फार नेमका बसला आहे. हजार मैल असते तर ते नशीब झालं असतं. दहा मैल म्हणजे शनिवारी बसने जाता आलं असतं.

या सगळ्यात हा माणूस विनोदी आहे हे विसरू नये. अल्बम उघडतो ‘इल्लीगल स्माइल’ने, ज्यात न्याहरीचा ओटमीलचा वाडगा आणि गाणारा यांची नजरेला नजर भिडते आणि वाडगा जिंकतो. लोकांनी ते गाणं गांजाचं ठरवलं, प्राइन म्हणायचा तसं काही नव्हतं. गाणं ऐकून लोकांच्या बाजूने मत द्यावंसं वाटतं. ‘स्पॅनिश पाइपड्रीम’ मध्ये माँट्रियलकडे निघालेला सैनिक आहे. कॅनडाकडे जाणारा अमेरिकी सैनिक म्हणजे काय ते तेव्हा सगळ्यांना कळत होतं. त्याला एक नाचणारी बाई टीव्ही फोडून टाक आणि खेड्यात जा असा सल्ला देते, आणि तो ऐकतोही. ‘युअर फ्लॅग डेकल वोन्ट गेट यू इन्टू हेवन एनीमोअर’ तर थेट पोस्टाच्या पिशवीतून आलेलं. एका मासिकाच्या अंकासोबत अमेरिकी झेंड्याचं स्टिकर फुकट आलं. प्राइनने ते घरोघरी वाटलं आणि पाहता पाहता रस्ताभर झेंडेच झेंडे झाले. गाण्यातला माणूस गाडीच्या काचेवर इतके झेंडे चिकटवतो की पुढचं दिसेनासं होतं आणि गाडी झाडावर आदळते. मेल्यावर स्वर्गाच्या दारात कळतं की या युद्धामुळे आत आधीच गर्दी झाली आहे. सोपी टवाळी, पण गोष्ट म्हणून चोख. गाडी आदळण्यासाठी लागणारा प्रत्येक झेंडा त्याने आधी नीट चिकटवून घेतलाय.

‘पॅरडाइज’ हे गाणं बाकी अल्बमपेक्षा वेगळं वाजतं, त्याला कारण आहे. बाकीची बारा गाणी मेंफिसला झाली, हे एकटं न्यूयॉर्कला. गिटारवर स्टीव्ह गुडमन, फिडलवर भाऊ डेव्ह. तीनच्या ठेक्यातली घरगुती चाल, जिच्यावर कुणीही सूर लावावा. आईवडिलांच्या मुलुखातलं, केंटकीतल्या म्यूलेनबर्ग काउंटीतलं, ग्रीन नदीकाठचं पॅरडाइज नावाचं खरंखुरं गाव. लहान मूल वडिलांना तिथे घेऊन चला म्हणतं, वडील सांगतात की उशीर झाला, पीबॉडी कंपनीच्या कोळशाच्या गाडीने ते केव्हाच वाहून नेलं. गाव गाडीत भरून नेलं, ही कल्पना लहान मुलाला सांगायच्या गोष्टीतली आहे, आणि ती जवळपास शब्दशः खरी होती. त्या भागात पीबॉडीने १९६२ पासून ‘बिग हॉग’ नावाचं अजस्र यांत्रिक फावडं लावलं होतं. ते एका घासात ११५ घनयार्ड माती उचलायचं आणि त्या वेळी जगातल्या सर्वांत मोठ्या फावड्यांत त्याची गणना होती. गावाजवळच सरकारच्या टेनेसी व्हॅली अथॉरिटीने कोळशावरचं वीजकेंद्र उभारलं. त्याची राख घरांवर पडू लागली आणि उरलेलं गाव १९६७ च्या सुमारास याच संस्थेने विकत घेऊन उठवलं.

म्हणजे आरोपपत्रात आणखी एक नाव हवं होतं. गाण्यात फक्त कंपनी आहे, सरकार नाही. कंपनीने पुढे आपली बाजू मांडणारं पत्रक काढलं आणि त्यात प्राइनला उत्तर द्यायचा प्रयत्न केला; ज्या देशाची घरं आपल्या कोळशाने उजळतात त्याच देशात एका पोस्टमनच्या गाण्याला पत्रक काढून उत्तर द्यावं लागलं, हीच त्या गाण्याला मिळालेली पावती. मला कंपनीपेक्षाही त्यातलं बालपणाचं कडवं मोठं वाटतं: पडक्या तुरुंगाजवळ पिस्तुलाने नेम धरायचा, पण मरायच्या त्या फक्त रिकाम्या बाटल्या. सापांच्या वासाची हवाही तिथे आहे. स्वर्ग नावाच्या गावात साप असणारच, पण प्राइन त्यावर बोट ठेवत नाही. वडिलांनी या गाण्याची टेप ऐकली ती शेजारच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन, लांबून, म्हणजे ते ज्यूकबॉक्सवर लागल्यासारखं ऐकू यावं. अल्बम निघायच्या सुमारास ते गेले.

उरलेल्यांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. ‘सिक्स ओक्लॉक न्यूज’ मध्ये घरातलं भयंकर गुपित आणि रक्ताळलेला शेवट आहे. इथे प्राइन दाखवण्याऐवजी धक्का द्यायला निघाला, आणि धक्का एकदाच बसतो. ‘प्रिटी गुड’ आणि ‘क्वाएट मॅन’ मध्ये डिलनच्या सावलीत उभा राहिलेला मुलगा दिसतो. ‘फ्लॅशबॅक ब्लूज’ निरोपाला ठीक.

राहता राहिला आवाज आणि वाद्यमेळ. मेंफिसच्या अमेरिकन साउंड स्टुडिओत दोन वर्षांपूर्वी एल्व्हिस प्रेस्लीने ज्या वादकांबरोबर आपलं पुनरागमन गाजवलं होतं, तेच वादक या नवख्याच्या मागे बसले: रेगी यंग गिटारवर, बॉबी वूड पियानोवर, जीन क्रिसमन ड्रमवर, शिवाय लिओ लब्लांचं पेडल स्टील. निर्माता इस्तंबूलचा अरिफ मार्डिन, जॅझमध्ये मुरलेला आणि सोल संगीतात नाव केलेला. काल-परवापर्यंत पाकिटं वाटणारा पोरगा या मंडळींसमोर गांगरलेला ऐकू येतो. सूर नाकात अडकतो, ओळींचे शेवट घाईने पडतात, आणि बँड मोठ्या अदबीने त्याच्यापासून दोन पावलं मागे राहतो. काही ठिकाणी हे अंतर जाणवतं. ‘इल्लीगल स्माइल’ला इतकी इस्त्री नको होती. पण जिथे गाणारा स्वतःच दारात उभा राहून आतलं बघतोय, आत पाऊल टाकत नाही, तिथे ही अवघड उभं राहण्याची रीत गाण्याच्या कामी आली आहे.

अल्बम बिलबोर्डच्या यादीत १५४ पर्यंत चढला आणि थांबला. पुढच्याच वर्षी प्राइनने ‘डायमंड्स इन द रफ’ काढला: न्यूयॉर्कमध्ये थोड्या दिवसांत उरकलेला, गुडमन आणि डेव्हला घेऊन, ड्रम वगैरे जवळजवळ नसलेला, ‘पॅरडाइज’च्या वळणाचा. शुद्धतेचा आग्रह असलेले चाहते तोच खरा प्राइन मानतात आणि पहिल्या अल्बममधला मेंफिसचा साज काढून टाकावा असं त्यांना वाटतं. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. ‘हॅलो इन देअर’ नुसत्या गिटारवर ऐकायला मलाही आवडतं. ‘सॅम स्टोन’मधला ऑर्गन मात्र मी सोडणार नाही.